श्रोते मंडळाची दुसरी खुर्ची

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. पोस्टमन उन्हातून आला की वाटतं, आपल्याच पत्रामुळे बिचाऱ्याला इतकं चालावं लागलं. रस्त्यात कुणी नमस्कार केला आणि तो माझ्या लक्षात आला नाही, तर पुढचा आठवडा मी त्या माणसाला गाठून खुलासा करण्यात घालवतो. बायको म्हणते, "तुम्ही मागच्या जन्मी फौजदार असणार. ह्या जन्मी दुसरं कुणी सापडेना म्हणून स्वतःच्याच मागे लागलाय." वय पन्नाशीकडे झुकलं तरी ही खोड जात नाही. अशा माणसाचं सगळं बोलणं मधे न तोडता, जांभई न देता, घड्याळाकडे न बघता ऐकून घेणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. ऐकताना तो भुईमुगाच्या शेंगा सोलायचा.

सोलायचा, खायचा नाही. समोरचा बोलतोय तोवर दाणा तोंडात टाकायचा नाही, हा त्याचा नियम. "दाताचा आवाज कानात जातोय रं," तो म्हणे, "निम्मं बोलणं त्यातच चिरडतंय." त्यामुळे बोलणं संपेपर्यंत त्याच्यापुढे एका बाजूला टरफलांचा आणि दुसऱ्या बाजूला दाण्यांचा ढीग साठत जाई. बोलणाऱ्याचं बोलून झालं की दाण्यांचे दोन वाटे व्हायचे. मोठा वाटा बोलणाऱ्याला. "घे. दमलास," एवढंच म्हणायचा. आम्ही पोरं मग एकमेकांचं दुःख शेंगांत मोजू लागलो. खाणावळीची आमटी पातळ झाली, हे दुःख मूठभर शेंगांचं. नापास झाल्याचं ओंजळभर. माझी एक कबुली ऐकताना मात्र त्याची अख्खी पिशवी संपली होती, आणि कबुली कसली, तर वाचनालयातल्या एका पुस्तकावर माझ्या हातून चहा सांडला होता.

ही गोष्ट बेळगावातल्या आमच्या कॉलेजातली, देश स्वतंत्र व्हायच्या आधीच्या थोड्या वर्षांतली. सगळे त्याला अण्णा म्हणत. तो खानापूरकडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्याहून बराच मोठा, कारण इंटरच्या वर्गाचा आणि त्याचा फार जिव्हाळा जमला होता. दरवर्षी तो परीक्षेला बसे आणि दरवर्षी वर्ग त्याला सोडत नसे. उंच, किंचित वाकलेला, अंगात घरी शिवलेला सदरा, डोक्यावर काळी टोपी आणि कान असे, की टोपी डोक्यावर नसून त्यांच्यावरच टेकली आहे असं वाटावं. चिडवणाऱ्यांना ह्या कानांचा फार आधार होता. अण्णा त्यांचंही शेवटपर्यंत ऐकून घेई, आणि मग "अजून काय हाय का?" असं इतक्या आस्थेनं विचारी, की चिडवणारा ओशाळून निघून जाई.

एकदा मी त्याला विचारलं, "अण्णा, तू नापास कसा होतोस रे? वर्गात तुझ्याइतकं लक्ष कुणाचंच नसतं."

"तेच की," तो म्हणाला. "मी ऐकतो. परीक्षेत बोलाय लागतंय, कागदावर का असंना. त्यो विषय माझा न्हवं."

त्याच्या लक्ष देण्याची वर्गात दहशत होती, आणि ती पोरांना नव्हे, प्रोफेसरांना. आमचे इतिहासाचे प्रोफेसर पिवळ्या पडलेल्या टिपणांतून वर्षानुवर्षं तेच सांगत. आम्ही माना खाली घालून उतरवून घेत असू. पहिल्या बाकावर अण्णा. त्याच्या हातात पेन नाही, पुढे वही नाही, नुसता बघत बसलेला. एक दिवस प्रोफेसर एका वाक्याशी अडखळले. त्यांनी अण्णाकडे पाहिलं, वाक्य परत वाचलं, पुन्हा अण्णाकडे पाहिलं आणि टिपणं मिटली. "हे मी इतकी वर्षं सांगतोय खरा," ते म्हणाले, "पण हे असं झालं असेलसं मला वाटत नाही." आणि तडक वाचनालयाकडे गेले. आम्हाला तास मोकळा मिळाला म्हणून आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी त्यांनी विनंती केली, "ह्या गृहस्थांना जरा मागच्या बाकावर बसवा. ते समोर असले की मला माझंच बोलणं ऐकू येतं."

त्या दिवसांत आमच्याकडे बोलणाऱ्यांचा नुसता सुकाळ होता. देशभरच भाषणांचा हंगाम होता म्हणा. कॉलेजात एक मराठी वक्तृत्व मंडळ, एक कानडी वक्तृत्व मंडळ, आणि प्रिन्सिपॉलसाहेबांच्या आवडीचं एक इंग्रजी डिबेटिंग युनियन. मराठी मंडळाचा चिटणीस मी. तिन्ही मंडळांच्या सभांना तिन्ही मंडळांचे वक्तेच तेवढे हजर असत आणि जो तो आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसे. अशाच एका सभेतून अण्णा मधेच उठला. मी चिटणीस म्हणून त्याला दारात अडवलं.

"का रे, निघालास?"

"हितं समदी वाढपीच हैत की रं," तो म्हणाला. "पंगतीला कोणच न्हाय."

आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं श्रोते मंडळ काढलं.

मंडळाचे नियम त्यानं कुठं लिहून ठेवले नव्हते, पण ते सगळ्यांना पाठ होते. सभासदानं आठवड्यातून एकदा तरी एका माणसाचं पूर्ण ऐकायचं. मधे तोडायचं नाही. "माझंबी असंच झालतं" असं म्हणून आपलं घोडं पुढे दामटायचं नाही. आणि सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. सल्ला दिला तर शिक्षा होती. कॉलेजच्या आडाचं पाणी शेंदून व्हरांड्यातला रांजण भरायचा. पुढे मी ह्या मंडळाचा सभासद झालो. मी होतो तोवर त्या रांजणाचा तळ कुणाला दिसला नाही.

स्वतः अण्णाला ऐकताना तीनच शब्द लागत. सुरुवातीला "बस." मधे "व्हय?" आणि बोलणारा थांबला की "मग?" हा "मग" नुसता लिहून कळायचा नाही. त्यात घाई नसे, चौकशी नसे, पुढं काय झालं हे ऐकायची उत्सुकतासुद्धा नसे. आड किती खोल आहे हे बघायला हळूच दोर सोडावा, तसा तो शब्द तो सोडी. आपण ज्याला शेवट समजत होतो तो शेवट नव्हता, हे त्या एका शब्दानं कळायचं.

कॉलेजातून अखेर कसाबसा सुटल्यावर तो लोंढा जंक्शनला तारबाबू म्हणून लागला. "दिवसभर कट्ट कट्ट ऐकत बसायचं," तो मला म्हणाला, "आणि त्याचा पगार देत्यात! मला सुरवातीला खोटंच वाटलं बघ." मला हुबळीकडे जाताना लोंढ्याला गाडीसाठी बरंच थांबावं लागे. तेवढ्यात मी त्याला फलाटावरच्या बाकावर गाठायचो. कामावरून सुटलेला असला की तो पिशवी घेऊन येऊन बसे आणि मी माझे गुन्हे सांगायला लागायचो. धाकट्या भावाशी मी कठोर वागलो, शेजाऱ्याच्या आजारपणात विचारपूस करायला उशिरा गेलो, असले ते गुन्हे. तो शेंगा सोलत ऐके. गाडी आली की माझ्या रुमालात दाणे ओती आणि हात हलवून निरोप देई. एकदा गाडी बोगद्यात शिरल्यावर माझ्या ध्यानात आलं, की ह्या माणसाचं लग्न झालंय का, त्याला मुलंबाळं आहेत का, हेसुद्धा आपण आजवर विचारलेलं नाही.

पुढच्या खेपेला मी ठरवूनच गेलो. "अण्णा, आज मी काही सांगणार नाही. आज तू बोल."

तो हसला. मग म्हणाला, "आमची म्हस चारा खायना बघ, चार दिस झालं."

"अरे, मग तिला ओवा आणि गूळ..." मी म्हणालो.

मला म्हशीतलं काही म्हणजे काही कळत नाही. आमच्या घरात म्हैस कधी नव्हती. ओवा आणि गूळ कुठून आला देव जाणे. अण्णानं फलाटाच्या टोकाला असलेल्या नळाकडे बोट दाखवलं आणि बाकाखालची रिकामी कळशी पायानं हळूच पुढं सरकवली. मी उठलो आणि चार प्रवाशांच्या देखत पाणी भरून आणलं. मी आलो तोवर माझी गाडी आली होती आणि म्हशीचं राहिलं ते राहिलंच.

तेव्हा अण्णाला ज्याच्यापुढे बोलता येईल असं माणूस मी नव्हे, हे उघड आहे. पण तसं माणूस त्याला भेटलं होतं, आधीच, कॉलेजात असताना. ते भेटलं त्या दिवशी मी तिथेच होतो. खरं तर मी त्या माणसाला जवळजवळ हुसकावूनच लावलं होतं.

आमचे प्रिन्सिपॉलसाहेब विलायतेत शिकलेले. तिथल्या विद्यापीठात वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मंडळ आपापलं टेबल मांडून बसतं आणि नवे विद्यार्थी फिरून हवं त्या मंडळात नाव घालतात, हे त्यांनी पाहिलं होतं. तीच प्रथा त्यांनी आमच्याकडे आणली. विलायतेत ते हिरवळीवर होत असेल. बेळगावात जूनमध्ये हिरवळीवर टेबल मांडलं तर ते वाहतच जायचं, म्हणून आमच्याकडे सगळा थाट लांबलचक व्हरांड्यात असे. साहेबांनी त्या दिवसाला इंग्रजी नाव दिलं होतं. आम्ही त्याला मंडळांची जत्रा म्हणत असू. क्रिकेटवाले टेबलावर बॅटी मांडत, नाटकवाले येणाऱ्याजाणाऱ्याला खोट्या मिशा लावून बघत. मराठी आणि कानडी वक्तृत्व मंडळांची टेबलं समोरासमोर असत आणि दोन्हीकडून एकाच वेळी असा काही मारा चाले, की मधून जाणारं नवं पोर कान झाकून क्रिकेटकडे पळे.

व्हरांड्याच्या अगदी टोकाला, पायऱ्यांपाशी, रांजणाशेजारी अण्णाचं टेबल. टेबलाच्या अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक. पलीकडच्या खुर्चीवर शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन अण्णा. अलीकडची, दुसरी खुर्ची रिकामी. टेबलावर एक पुठ्ठा टेकवून ठेवलेला. त्याच्यावर वर मराठीत आणि खाली कानडीत एकच शब्द: बसा.

त्या वर्षी अण्णापुढे संकट होतं. मंडळाचे दोन जुने सभासद पास होऊन गेले होते. सकाळीच प्रिन्सिपॉलसाहेब त्याच्या टेबलापाशी आले. "मंडळात आता तुम्ही एकटेच. एका माणसाचं मंडळ कसं होईल? संध्याकाळी जत्रा उठायच्या आत एक तरी नवा सभासद मिळवा. नाहीतर मंडळ बंद, आणि ही जागा बुद्धिबळवाल्यांना."

"व्हय," अण्णा म्हणाला. "बसा की, साहेब."

साहेब बसले ते फक्त बुटाची नाडी बांधायला. पण अण्णा समोर बघत होता. साहेब सांगू लागले, की विलायतेत पहिल्या हिवाळ्यात त्यांना बुटाची नाडी बांधता येत नसे, इतकी बोटं गारठत. मग घरमालकीण कशी होती ते निघालं. मग आईचं पत्र आलं की ते कसे खोलीचं दार लावून घेत, ते निघालं. साहेब उठले तेव्हा त्यांच्या मुठीत दाणे होते आणि चेहरा जरा मऊ झाला होता. पण अट त्यांनी मागे घेतली नाही.

दिवसभर ती दुसरी खुर्ची रिकामी राहिली नाही. संकेश्वरकडचा एक मुलगा घरच्या आठवणीनं रडून गेला. निपाणीचा एक जण तंबाखूच्या वखारीत बापाला खोकला कसा लागला ते सांगून गेला. कुणी मराठीत, कुणी कानडीत, कुणी दोन्हींच्या खिचडीत. अण्णाला तिन्ही सारखीच. पण बोलून झाल्यावर अण्णानं "मंडळात येतोस?" असं विचारलं, की जो तो दाणे खिशात घालत उठे.

"ऐकायला? नको हो अण्णा. तेवढा वेळ कुठला?"

माझ्या टेबलावर नावांचा पाऊस पडत होता, आणि अण्णाकडे एकही नाव नव्हतं. बुद्धिबळवाले पट काखेत मारून त्याच्या आसपास घुटमळू लागले होते.

दुपार कलली तेव्हा कचेरीच्या दारात मला एक माणूस आणि त्याची मुलगी उभी दिसली. प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता आणि पाच वाजता कचेरी बंद होणार होती. माणसाच्या कोटाला सुताचे पांढरे धागे चिकटलेले. वडगावचा विणकर, हे बेळगावात कुणालाही न सांगता कळलं असतं. मुलगी सतरा-अठराची, छत्री दोन्ही हातांनी धरून, खाली बघत. आत जायचं की नाही हे त्या बापाचं ठरत नव्हतं. दोन पावलं तो आत जाई आणि परत बाहेर येई.

आमच्या कॉलेजात तेव्हा मुली फारच थोड्या. मला वाटलं, हाच तो क्षण. मी टेबल सोडून गेलो आणि त्या दोघांपुढे उभा राहून बोलायला लागलो. स्त्री हे समाजाच्या रथाचं दुसरं चाक. चाक जायबंदी ठेवणारा बाप हा राष्ट्राचा गुन्हेगार. आवाज मी व्यवस्थित चढवत नेला. आजूबाजूला पोरं जमली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मुलीनं मान आणखी खाली घातली.

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. टाळ्या संपल्यावर म्हणाला, "मी कुठं न्हाय म्हटलंय?"

ह्या उत्तराची तयारी मी केलेली नव्हती.

"चल गं बाय," तो मुलीला म्हणाला. "हितं समदी नुसती वराडत्यात. घरला जाऊ."

आणि ते दोघं व्हरांड्याच्या टोकाकडे, पायऱ्यांकडे निघाले. मी केलं काय हे मला तेव्हाच कळलं होतं. आत जाणारं पाऊल मी बाहेर काढलं होतं. मी त्यांच्यामागून गेलो, पण बोलायचं धाडस होईना. म्हणून रांजणापाशी थांबलो आणि तहान नसताना पाणी पिऊ लागलो.

पायऱ्यांवरून पाण्याचे पाट वाहत होते. उतरायची सोय नव्हती. बाप टेबलाच्या कडेला हात टेकून उभा राहिला.

"आप्पा," मुलगी पुठ्ठ्याकडे बघत हळूच म्हणाली, "'बसा' असं लिहिलंय."

"हितं काय मिळतंय?" त्यानं अण्णाला विचारलं.

"काय न्हाय, मामा. बसायचं."

"पावसापुरतं बसतो."

"व्हय."

तो बसला. मुलगी त्याच्या मागं उभी राहिली. अण्णा शेंगा सोलत होता.

"पोरगी मॅट्रिक झालीया," बाप म्हणाला.

"व्हय?"

"आमच्या गल्लीत पयलीच."

"मग?"

"मग काय? शाळंचं मास्तर म्हणालं, कालेजात घाला. आलतो घालाय. पर वडगाव हितनं जवळ हाय व्हय? असल्या पावसाचं पोरीनं चालत यायचं, जायाचं..." तो थांबला. "तशी शाळंला बी चालतच जात हुती म्हणा. शाळा काय आमच्या परड्यात नव्हती."

"मग?"

"लोक नावं ठेवत्यात." पुन्हा थांबला. "मॅट्रिकला बसवली तवाबी ठेवलीच की. आता तीच लोकं पत्रं वाचून घ्याय हिच्याकडं येत्यात."

"मग?"

ह्यावेळी त्यानं कोटावरचा एक धागा उपटून बोटाला गुंडाळला. मला वाटलं, आता उठतो. अण्णा सोलत होता, तसाच सोलत राहिला.

"हिच्या आईची नजर गेली बगा," तो अखेर म्हणाला. "दिसतंय, न्हाय असं न्हाय. पर बारीक सूत दिसंना झालंय. कांड्या भरायचं समदं काम हिच्याकडं. आणि ही हितं आली, की दुपारच्याला माझा माग थांबला."

मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. ती संपली की धोटा मुका आणि माग बंद. म्हणून एक माणूस मागावर आणि एक माणूस रहाटावर कांड्या भरायला, असं विणकराच्या घराचं रोजचं गणित असतं. त्या घरातलं रहाटावरचं माणूस म्हणजे ही छत्री धरून उभी असलेली मुलगी.

अण्णाचा हात थांबला. ह्यावेळी त्यानं "मग" म्हटलं नाही.

बाप आपल्या तळव्याकडे बघत होता. "म्हंजे बगा," तो सावकाश म्हणाला, "रस्ता न्हाय, आणि लोकबी न्हाईत. मी पोरीला कांड्यांसाठी घरात ठेवतोय व्हय?"

रांजणापाशी माझ्या जिभेवर उपायांची रांग लागली होती. शेजारची कुणी बाई ठेवा, नातेवाइकांतलं एखादं पोर आणा, विणकरांच्या सोसायटीला अर्ज करा. मी पेल्याची कड दातांत धरली.

"मला येत्यात की भराय," तो म्हणाला. "बारका असताना मीच भरत हुतो. पर एकदा मागावर बसलेला बाप्यामाणूस परत रहाटावर बसत न्हाय आमच्यात. ते बायकापोरांचं काम. गल्ली हसंल."

"व्हय," अण्णा म्हणाला.

पाऊस जरा उतरला होता, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. "दिस उगवायच्या आत भरून ठिवल्या तर?" तो म्हणाला. कुणाला विचारत होता कोण जाणे. "दार लावून भरीन की! कोण बघाय येतंय?" आणि एकदम उठला. अण्णानंच काही हरकत घेतली असावी तसा त्याच्यावर डाफरला, "आणि बघितलं तर बघितलं! रहाट माझा हाय!"

"व्हय, मामा."

"चल गं बाय. कचेरी मिटतील ती लोकं."

अण्णानं दाण्यांचा मोठा वाटा त्याच्या ओंजळीत दिला. तो घेऊन दोन पावलं गेल्यावर बाप मागं वळला आणि म्हणाला, "लई ब्येस सांगितलंसा बगा. लई पटलं मला तुमचं बोलणं."

पुढे त्या वर्षात एकदोनदा मला पहाटेच्या वेळी वडगावातून जायचा योग आला. एका घराचं दार आतून बंद होतं आणि आत रहाट घरघरत होता. मी थांबलो नाही. बघणाऱ्यांत आपली भर नको.

पण त्या दिवसाचं अजून राहिलं आहे. जत्रा उठू लागली. नाटकवाल्यांनी मिशा गोळा केल्या, मी माझा फलक गुंडाळला आणि पुन्हा रांजणापाशी येऊन पेला भरून घेतला. प्रिन्सिपॉलसाहेब हातात घड्याळ घेऊन व्हरांड्यातून येत होते. बुद्धिबळवाल्यांनी अण्णाच्या टेबलावर एका कोपऱ्यात पट ठेवूनही दिला होता. अण्णा टरफलं गोळा करत होता. मंडळ संपल्याचं त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण गोळा केलेली टरफलं तो पुन्हा पुन्हा गोळा करत होता.

बाप आणि मुलगी कचेरीतून परत आली. प्रवेश झाला होता. बापाची चाल बदलली होती. पायऱ्यांपाशी मुलगी थांबली. दुसऱ्या खुर्चीला वळसा घालून ती टेबलाच्या पलीकडे, अण्णाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"माझं नाव घाला," ती म्हणाली.

अण्णानं वर बघितलं. "ही ऐकायची बाजू हाय. ठावं हाय न्हवं? हितं बोलायचं न्हाय."

बाप खदखदून हसला. "घरी तरी कुठं बोलती! तिकडं माग खडखडतोय, हिकडं मी बडबडतोय. ही आपली कांड्या भरत समदं ऐकती. अवो, सवय हाय तिला!"

अण्णा उठला आणि त्यानं आपली खुर्ची तिला दिली. ती बसली, पिशवीत हात घालून मूठभर शेंगा काढल्या आणि सोलू लागली. बारीक सुतावर चाललेली ती बोटं. अण्णाची एक शेंग होईतो तिच्या तीन होत होत्या. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळ खिशात घातलं आणि कचेरीकडे वळले. बुद्धिबळवाल्यांनी पट उचलला आणि जमिनीवरच डाव मांडला.

अण्णाची मात्र पंचाईत झाली. त्याला बसायला जागा उरली नव्हती. म्हणजे होती, पण ती दुसरी खुर्ची होती. तो थोडा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग बसला. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यानं टोपी काढली, परत घातली. समोरच्या पुठ्ठ्यावरचा आपलाच शब्द जरा वेळ बघितला.

"मला काय बोलाय येत न्हाय," तो म्हणाला.

मुलगी सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"आमच्या घरी," अण्णा म्हणाला, "आमची आई हुती तवा..."

एरवी मी पुढं झालो असतो. काय झालं आईला, विचारलं असतं. माझ्या आईचंही सांगितलं असतं. पण मी पेला रांजणावर पालथा घातला आणि व्हरांड्यातून सरळ चालू लागलो. तो पुढे काय बोलला ते मला ठाऊक नाही. आयुष्यात ज्या थोड्या गोष्टींबद्दल मला अजिबात अपराधी वाटत नाही, त्यांतली ही एक. कानडी मंडळाच्या टेबलापर्यंत गेलो असेन, तेव्हा मागं बोलणं थांबल्यासारखं वाटलं. पाठोपाठ त्या मुलीचा आवाज आला, अगदी हळू, अगदी अण्णासारखा.

"मग?"